एमबीएच्या परदेशी अभ्यास दौऱ्यातून खरंच काही शिकायला मिळतं का?

मिळतं, पण दौऱ्यात नेमकं काम दिलेलं असेल तरच. नुसत्या कंपनी-भेटींतून फोटोंपलीकडे फारसं हाती लागत नाही. असे दौरे आखणं हे माझं कामच आहे. उदाहरणार्थ, टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसला की साधा कामगारही इशाऱ्याची दोरी ओढतो, पर्यवेक्षक लगेच येतो आणि वेळेत तोडगा निघाला नाही तर उत्पादनाची लाइन थांबते. पुस्तकात हे चार ओळींत उरकतं. समोर पाहताना कळतं, की दोरी ओढणाऱ्यावर कोणी डाफरत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘फील्ड’ अभ्यासक्रमात तर विद्यार्थ्यांना परदेशातल्या कंपन्यांसाठी प्रत्यक्ष काम करायला लावलं. फक्त आठवडाभरात त्या देशाची बाजारपेठ कळली, असं अहवालात ठोकून देऊ नका.