‘स्टान्स’ला मराठीत काय म्हणावं? ठाण, बैठक आणि थोडं उलार

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्याच्या शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये १९३२ सालच्या फोर्डची हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी कापून-जुळवून बदललेली जुनी गाडी, घडवताहेत आणि हा दर शनिवारी तिथे स्टूल टाकून बसतो. तिथल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी त्याला त्यावर लेख लिहायचाय. आजोबा दिवसभर दोनच गोष्टी बोलतात, गाडीच्या ‘बॉडी लाइन्स’ (अंगावरच्या रेघा) आणि ‘स्टान्स’ (उभं राहण्याची ढब). याने लिहिलं, ‘शरीररेषा व भूमिका यांचे परिष्करण’. बायकोने वाचून विचारलं, गाडी पत्रकार परिषद घेणार आहे का? तर आता ‘पवित्रा’ लिहू का, असं तो विचारतो.

वहिनींचं हसणं रास्त आहे. भूमिका पक्षाची असते, नटाची असते. रस्त्याकडेला गप्प उभ्या असलेल्या लोखंडाला ती कशी असेल? आणि ‘परिष्करण’ हा शब्द पत्रा ठोकणाऱ्या एखाद्या माणसाच्या तोंडी घालून पाहा.

‘पवित्रा’ त्यातल्या त्यात बरा, पण तो आखाड्यातला. पैलवान पवित्रा घेतो आणि समोरच्याचा हात पाहून बदलतो. क्षणाचं काम. हॉट रॉडचा स्टान्स म्हणजे इंजिन बंद आहे, आत कोणी नाही, तरी गाडी जमिनीवर जशी उभी दिसते ते. त्यासाठी मराठीत एक जुना, नेमका शब्द आहे : ठाण. ‘स्थान’वरून आलेला. धनुष्य ताणताना पाय रोवून उभं राहण्याची जी रीत, ती ठाण. घोडा बांधायची जागा हीसुद्धा ठाण. आता आपण तो फक्त न हलणाऱ्या पाहुण्यांसाठी राखून ठेवलाय, ‘ठाण मांडून बसलेत’ म्हणून. पण ‘या गाडीचं ठाण बघ’ असं म्हणून पाहा. जमिनीवर चाकं रोवून उभी असलेली गाडी लगेच दिसते. ‘ठेवण’ चालेल का? चेहऱ्याची ठेवण असते, अक्षराची असते, पण ती अवयवांच्या मांडणीबद्दल बोलते. जमिनीशी असलेलं नातं तिच्यात येत नाही आणि स्टान्समध्ये तेच तर सगळं आहे.

दुसरा पर्याय ‘बैठक’, आणि इथे एक गंमत आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘गाडी मागून बसलीय’ ही तक्रार असते. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दमले, कमान सपाट झाली, आता खर्च आला. हॉट रॉडवाले मात्र गाडी मुद्दाम ‘बसवतात’. बसली म्हणजे बिघाड आणि बसवली म्हणजे कारागिरी. मराठीत एका ‘व’ने हे काम होतं, ते लेखात जरूर वापरा.

कशी बसवतात ते तुम्ही रोज बघताच, म्हणून थोडक्यात. जुन्या फोर्डला पुढे एकच आडवा पाटा आणि त्याखाली अखंड एक्सल. तो एक्सल तापवून, ताणून दोन्ही टोकांना असा वाकवतात की चाकं होती तिथेच राहतात आणि मधला भाग खाली येतो. पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाची गुंडाळी, उलटा वळवला की आणखी इंचभर. मागे मोठी टायर, पुढे बारीक. यातलं काहीच सुरुवातीला शोभेसाठी नव्हतं. १९३०च्या दशकात म्यूरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांवर हॉट रॉडवाली पोरं गाड्या पळवायची. १९३७ साली तिथल्या क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. मागचं टायर उंच असलं की इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते. मडगार्ड काढली की वजन कमी आणि वाराही कमी अडतो. नाक खाली, शेपूट वर हे रूप त्यातून आपोआप आलं आणि पुढे डोळ्यांना त्याचीच सवय झाली.

या पुढे झुकण्याला ते ‘रेक’ म्हणतात. ‘कल’ म्हटलं तर कुठल्या बाजूला हे कळत नाही. ‘उतार’ रस्त्याला असतो. मला ‘ओणवी’ सुचतो. पूर्ण ओणवी म्हणजे भातलावणी करणारी बाई होईल, म्हणून ‘किंचित ओणवी’. धावायला निघालेलं पोर रेघेवर बोटं टेकायच्या आधी जेवढं वाकतं, तेवढंच.

आता रेषांकडे. ‘शरीररेषा’ची गरजच नाही, कारण आपल्याकडे ‘रेखीव’ हा शब्द घरोघरी आहे. रेखीव नाक, रेखीव भुवया. लाइन्स सुधारणं म्हणजे गाडी रेखीव करणं, संपलं. अडचण येते ती नुसत्या ‘रेघे’ची. बॉनेटवरून निघून दरवाज्यावरून मागे जाणारी ती कड आजोबा सारखी बोटाने चाचपत असतील. तिला मी ‘काठ’ म्हणेन, लुगड्याचा असतो तसा. दोन तुकडे जोडताना शिंप्याची परीक्षा काठाला काठ जुळतो की नाही यात असते आणि दरवाजा बसवताना यांचीही तिथेच. एका दरवाज्यापाशी काठ दोन सूत खाली गेला की सगळी गाडी चुकलेली दिसते. काय चुकलंय हे मात्र पाहणाऱ्याला पटकन सांगता येत नाही.

शिंपीकामाचे शब्द इथे फार कामाला येतात. यांच्या तीन मोठ्या शस्त्रक्रिया आहेत. ‘चॉप’ म्हणजे टप छाटणं. एसटीच्या टपावर सामान टाकायचो तोच हा टप. ‘सेक्शन’ म्हणजे कमरेतून आडवा पट्टा काढून टाकणं, झग्याची उंची कमी करतात तसं. ‘चॅनल’ म्हणजे बॉडीचा तळ कापून ती चासीच्या (खालच्या सांगाड्याच्या) पट्ट्यांवरून खाली उतरवणं. इथे बत्तीसच्या फोर्डचा एक मान आहे. तिच्या चासीच्या पट्ट्यांवरच मूळ कारखान्याने उठावाची एक सुंदर रेघ दाबलेली आहे. मडगार्ड काढली की ती पूर्ण उघडी पडते, म्हणून पुष्कळ जण ही बॉडी उतरवतच नाहीत. त्याआधीच्या, १९२८ ते १९३१च्या मॉडेल ए गाडीला तो अलंकार नाही. तिची बॉडी खुशाल उतरवतात किंवा बत्तीसच्या चासीवर नेऊन ठेवतात.

टप छाटण्याबद्दल मात्र दोन वाक्यं जास्त लिहा, कारण ‘कापलं आणि खाली ठेवलं’ एवढं ते सोपं नाही. काचेचा खांब मागे कललेला असतो आणि मागची भिंत वर जाताना पुढे येते. मधून पट्टा काढून टप सरळ खाली आणला तर पुढचा वरचा तुकडा बुंध्याच्या मागे पडतो आणि मागचा पुढे. म्हणजे टप आखूड होतो. खांब १० अंश कललेला धरला तर ३ इंच छाटल्यावर एका टोकाला अर्ध्या इंचाची तूट येते. मग टप मधून कापून लांबवा, नाहीतर खांब आणखी कलवा. मॉडेल एचे खांब जवळपास सरळ, तिथे हा त्रास फारसा नाही. तयार टोपी कापून लहान करायला घेतली की डोक्याचा घेर आणि माथ्याचा गोल जुळेनासे होतात, त्यातलाच हा प्रकार.

आणि एक शब्द तुमच्या नजरेतून सुटलाय. कापून जोडलेल्या पत्र्याचे जोड शिसं भरून सपाट करतात, त्याबद्दलचा. तुम्ही लिहिलंय, ‘शिसे भरण्यापूर्वी पत्र्यास टिनचा पातळ थर देण्याची प्रक्रिया’. अहो, ही कल्हई! अगदी तीच. जोडावरचा पत्रा खरवडून लख्ख करायचा, फ्लक्स (कथिल धरावं म्हणून लावतात ते रसायन) लावायचा, तापवायचा आणि कथिल पुसून घ्यायचं. कोपऱ्यावर भाता मांडून बसणारा कल्हईवाला नवसागराची चिमूट टाकून, कापडाच्या बोळ्याने पातेलं चमकवायचा, त्याच्यात आणि तुमच्या आजोबांत फरक पातेल्याच्या आकाराचा. त्या कल्हईवर मग साधारण ७० टक्के शिसं आणि ३० टक्के कथिलाचं मिश्रण लोण्याइतकं मऊ होईपर्यंत तापवून लाकडी फळीने थापतात आणि गार झाल्यावर कानशीने घासतात. कल्हई धरली नसेल तर वरचं शिसं कधीतरी सुटणार. ‘कल्हई उडाली’ हा वाक्प्रचार तिथेही खरा ठरतो, हे आजोबांना सांगा, त्यांना आवडेल.

तर तुमचं वाक्य मी असं लिहीन : ‘गाडी रेखीव करायची आणि तिचं ठाण जमवायचं, बाकीचं काम यासाठीच.’ तांत्रिक शब्द एकदा त्यांच्या भाषेत, देवनागरीत द्या. पुढे आपले वापरा. प्रत्येक वेळी दोन्ही दिलेत तर लेख पाठ्यपुस्तक होईल. आणि ‘हॉट रॉड’चं भाषांतर कृपा करून करू नका. ‘तप्त दांडा’ लिहिलंत तर वहिनी पुन्हा हसतील.

एक दुरुस्ती राहिली. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोखाली ‘पुढे झुकलेली हॉट रॉड’ लिहिलंय, पण त्या गाडीचं नाक तर आभाळात आहे. ती गॅसर आहे, १९६०च्या आसपासच्या ड्रॅग शर्यतींतली, म्हणजे सरळ रस्त्यावरच्या छोट्या अंतराच्या शर्यतींतली. सुटताना भार मागच्या चाकांवर पडावा, टायरांनी रस्ता धरावा, म्हणून तिची पुढची बाजू मुद्दाम उचललेली असते. हिला ओणवी म्हणता येणार नाही. बैलगाडीत मागे जास्त पोती भरली की जू वर उचलतं आणि गाडीवान ओरडतो, ‘उलार झाली, पुढं सरका!’ गाडीवानाला जे टाळायचं असतं तेच इथे मुद्दाम केलंय. फोटोखाली बिनधास्त लिहा : उलार.