'मोस्ट ऑफ'च्या पुढे इज की आर?

इंग्रजीत अशा ठिकाणी गोंधळ होणं साहजिक आहे, कारण सगळ्या परिमाणवाचक (किती ते सांगणाऱ्या) शब्दांना एकच नियम लागत नाही. सुरुवातीला एवढंच पक्कं करा: सम, मोस्ट, ऑल, हाफ किंवा टक्केवारी आली की 'ऑफ'च्या पुढचं नाम बघून 'इज' की 'आर' ते ठरवायचं. 'मोस्ट ऑफ द वॉटर इज', पण 'मोस्ट ऑफ द स्टुडंट्स आर'. पाणी एक-दोन असं मोजता येत नाही, विद्यार्थी येतात. बरीचशी वाक्यं इथेच सुटतात.

आता अडखळायच्या जागा:

- 'वन ऑफ' आणि 'ईच ऑफ' असेल तर पुढच्या नामाकडे बघू नका. 'वन ऑफ द बॉइज इज'. शेजारी 'बॉइज' दिसलं की हात आपोआप 'आर' लिहितो. ही चूक चांगलं इंग्रजी येणारेही करतात, म्हणून हिच्यावर जास्त वेळ द्या.
- 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर', पण 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज'. दुसऱ्यात बोलणं आकड्याबद्दल आहे.
- अंतर किंवा रक्कम एकत्र धरली की एकवचन: 'टेन किलोमीटर्स इज अ लाँग वॉक'.

'नन' (none) आणि 'टीम'सारखे शब्द सध्या बाजूला ठेवा. 'टीम'च्या बाबतीत ब्रिटिश आणि अमेरिकन वापरही वेगळा आहे. त्याऐवजी वाचताना क्रियापदाखाली रेघ मारा आणि त्याचा खरा कर्ता शोधा. नक्की जमेल तुम्हाला.