ॲडिरॉन्डॅकचं जंगल कधीच तोडलं गेलं नाही का? तिथे कधी जावं?

तुम्ही विचारलंय, की न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅकमध्ये एवढी दाट झाडी आहे, म्हणजे तिथे कुऱ्हाड लागलीच नसणार ना. आणि न्यू जर्सीहून जायचं तर कधी.

कुऱ्हाड लागली, आणि चांगलीच लागली. काही कोपरे सुटले, पण आज दिसतं त्यातलं बरंचसं रान नंतर पुन्हा उभं राहिलंय. एकोणिसाव्या शतकात आधी पांढरा पाइन गेला, मग स्प्रूस. बर्फ वितळून नदीला पाणी आलं की ओंडके हडसनमध्ये सोडायचे आणि ग्लेन्स फॉल्सच्या लाकूड कापायच्या गिरण्यांपर्यंत वाहवत न्यायचे. हेमलॉकची गत त्याहून वाईट. कातडी कमवायला त्याची साल लागे. झाड पाडायचं, साल सोलून न्यायची आणि उघडा बुंधा बऱ्याचदा तिथेच कुजायला टाकायचा. मागे उरलेल्या वाळक्या फांद्यांवर आगगाडीच्या इंजिनाच्या ठिणग्या पडत. १९०३ आणि १९०८ साली तिथे प्रचंड वणवे लागले.

तरी रान वाचलं, ते निसर्गप्रेमापेक्षा पाण्याच्या धास्तीने. हडसन इथेच उगम पावते. डोंगर बोडके झाले तर नदी आणि ईरी कालवा आटेल, व्यापार बसेल, ही न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यांची भीती. १८८५ साली राज्याने आपल्या जमिनी राखीव केल्या, १८९२ साली पार्कची हद्द आखली आणि १८९४ साली थेट राज्यघटनेतच लिहिलं, की ही जमीन कायम रानच राहील. ती विकायची नाही, तिच्यावरचं लाकूडही नाही. यात बदल करायचा तर विधिमंडळाची दोनदा मंजुरी आणि वर जनतेचं मतदान लागतं. माझ्या मते खरी मेख हीच. साधा कायदा असता तर कधीच गुंडाळला गेला असता.

पार्क म्हणजे ताडोबासारखं गेट आणि तिकीट असेल असं समजू नका. सुमारे साठ लाख एकर, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दीडपट, आणि त्यातली जवळपास अर्धी जमीन खासगी. आत गावं आहेत, शाळा आहेत.

हौशी लोकांची रीघ लागली ती १८६९नंतर. विल्यम मरे या बोस्टनच्या पाद्र्याने इथल्या भटकंतीचं रसभरीत वर्णन छापलं आणि पुढच्याच उन्हाळ्यांत शहरी मंडळी लोटली. पाऊस आणि माश्यांनी ती इतकी बेजार झाली, की त्यांना ‘मरेचे खुळे’ असं नाव पडलं! पुढे सॅरनॅक लेकला क्षयरोगी हवापालटाला येऊ लागले; थंडीतही त्यांना उघड्या व्हरांड्यात झोपवत. लेक प्लॅसिडला तर १९३२ आणि १९८० अशी दोनदा हिवाळी ऑलिंपिक झाली.

चढताना झाडं कशी बदलतात ते बघा. खाली शुगर मेपल, बीच आणि सोनेरी पापुद्रे सुटलेला पिवळा बर्च. वर स्प्रूस आणि फर. १,६२९ मीटरच्या मार्सी शिखरावर दगडांच्या फटीत वीतभर झुडपं. तिथे दगडावरूनच चाला, एका बुटाने कित्येक वर्षांची वाढ जाते. बीचची राखाडी साल गुळगुळीत असायला हवी, पण आता बहुतेक झाडांवर फोड दिसतील. आधी खवले कीड, मग तिच्या जखमांतून बुरशी. आम्लपावसाने तर कित्येक तळी मासेरहित केली होती. १९९० साली हवा प्रदूषणाचा कायदा कडक झाल्यावर काही सावरताहेत.

आता कधी जावं. एप्रिल-मेमध्ये नको, उंचावरच्या वाटा चिखलाने भरलेल्या असतात आणि त्यावर चालल्याने खचतात. मेच्या मध्यापासून जूनभर काळ्या चावऱ्या माश्या. पानांचे रंग हवे असतील तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, पण शनिवार-रविवार टाळा. सकाळी आठलाच पार्किंग भरतं आणि काही ठिकाणी तर ते आधी बुक करावं लागतं. हाय पीक्स या उंच शिखरांच्या भागात तंबू ठोकणार असाल तर अस्वलाला न उघडणारा डबा सक्तीचा आहे. चिवडा-लाडूही त्यातच ठेवा, तंबूत नाही.