फायनल एका रात्रीची, काम वर्षभराचं

प्रश्न : माझी मुलगी वेंगुर्ल्यात बारावी कॉमर्सला आहे. नववीत असताना ती मामासोबत गोव्यात फातोर्ड्याला आयएसएलची (इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेची) फायनल बघायला गेली होती. तेव्हापासून तिला खेळाचे फोटो काढणारी फोटोग्राफर व्हायचं आहे. मामाच्या जुन्या कॅमेऱ्यावर ती आसपासच्या फुटबॉल स्पर्धांचे फोटो काढते. त्यातले काही सोबत पाठवले आहेत. आता नवा कॅमेरा आणि लेन्स यांसाठी ती चार लाख मागते आहे. आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, एवढी रक्कम हातात नसते. दागिने गहाण ठेवून कर्ज काढू का? या कामात पोट भरतं का? आणि रात्री-अपरात्रीचं हे काम मुलीला झेपेल का?

उत्तर : ताई, दागिने गहाण ठेवू नका. निदान या वर्षी तरी नको. हे पहिल्याच ओळीत लिहितेय, कारण पुढचं वाचून तुमचं मन मुलीच्या बाजूनं झुकेल, आणि ते झुकावं असंच मला वाटतं. तिचे फोटो मी सावकाश पाहिले. तिला नजर आहे. पण खेळाचा फोटोग्राफर होण्यासाठी जे शिकावं लागतं, त्यातलं बहुतेक सगळं मामाच्या जुन्या कॅमेऱ्यावर शिकता येतं. ते आलं नाही तर चार लाखांची लेन्सही काही करू शकत नाही.

तिनं पाहिलेला सामना १८ मार्च २०२३ चा असणार. एटीके मोहन बागान आणि बेंगळुरू एफसी, २-२ बरोबरी, जादा वेळेतही निकाल नाही, आणि मग पेनल्टी शूटआउटमध्ये ४-३ नं मोहन बागान. गॅलरीतून तिला गोलमागे जाकीट घालून बसलेले फोटोग्राफर दिसले असतील. त्यांची ती रात्र कशी गेली असेल ते तिला नीट कळायला हवं, म्हणून थोडं विस्तारानं सांगते.

मोठ्या सामन्याला फोटोग्राफर काही तास आधी पोचतो. पास दाखवून बिब (फोटोग्राफरची ओळख पटवणारं जाकीट) घ्यायचं, बसायची जागा ठरवायची, कॅमेरा नेटवर्कला जोडून एखादा फोटो ऑफिसला जातोय ना ते तपासायचं. दोन्ही संघांची यादी समोर ठेवायची आणि जर्सीचा नंबर पाहिला की नाव आठवेल इतकी घोकायची. सोबत दोन कॅमेरे असतात. एकावर ४०० एमएमची मोठी लेन्स, वजन जवळपास ३ किलो, किंमत दहा लाखांच्या पुढे. (तुमच्या मुलीच्या चार लाखांत ही लेन्स येतच नाही, हे तिलाही सांगा.) दुसऱ्यावर ७०-२०० ची, कारण खेळाडू अंगावर धावत आला की मोठ्या लेन्समध्ये तो मावत नाही.

सामना सुरू झाला की डोळा व्ह्यूफाइंडरला. पळणारा खेळाडू गोठवायचा तर शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं किंवा त्याहून वेगवान लागतं, आणि फ्लडलाइटच्या उजेडात त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवावा लागतो. फ्लॅश चालत नाही. हे झालं यंत्राचं. खरी परीक्षा खेळ ओळखण्याची. त्या फायनलमध्ये जादा वेळेआधी चार गोल झाले, त्यातले तीन पेनल्टीवर. पेनल्टीला फोटोग्राफरला तयारीला थोडा अवधी मिळतो. मोहन बागानचा पेत्रातोस येतोय की बेंगळुरूचा सुनील छेत्री, गोलकीपर कुठं झुकतोय, हे पाहून फ्रेम बांधता येते. ७८व्या मिनिटाला बेंगळुरूच्या रॉय कृष्णानं हेडरवर केलेल्या गोलानं असा अवधी दिला नाही. चेंडू गोलसमोरच्या पेनल्टी बॉक्समध्ये येण्याआधीच तो कुणाच्या डोक्यावर जाणार याचा अंदाज ज्यानं बांधला, त्याच्याकडे फोटो. बाकीच्यांकडे खेळाडूंच्या पाठी.

शूटआउटमध्ये तर जागेचाच खेळ. किक कुठल्या गोलवर मारायच्या हे नाणेफेकीनं ठरतं. त्या गोलमागे जो बसला, त्याला किक मारणाऱ्याचा चेहरा मिळतो आणि निकाल लागल्यावर मधल्या रेषेवरून धावत येणारा अख्खा संघ समोरून मिळतो. दुसऱ्या टोकाला जो अडकला, त्यानं हात चोळत बसायचं नाही. एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे असलेले खेळाडू, मान खाली घातलेला कोच, डोळे झाकून घेतलेले प्रेक्षक हे त्याच्या बाजूला असतं. मोहन बागानचा गोलकीपर विशाल कैथ यानं किक अडवली तेव्हा मैदानावर एकच घटना घडत नव्हती, दहा ठिकाणी दहा घटना घडत होत्या.

आणि हे सगळं चालू असताना फोटो पाठवणंही चालूच. गोल झाल्यावर काही मिनिटांत फोटो ऑफिसात पोचायला हवा, खाली खेळाडूचं नाव, संघ, स्पर्धा, ठिकाण, तारीख बिनचूक हवी. उशिरा पोचलेला सुंदर फोटो वेळेवर पोचलेल्या बऱ्या फोटोपुढे हरतो. वर्तमानपत्राचं पान, क्लबचं सोशल मीडिया, वृत्तसंस्थेचा ग्राहक, कुणीच थांबत नाही. करंडक उंचावला, कागदी चमक्या उडाल्या, लोक घरी निघाले, तरी फोटोग्राफर लॅपटॉपसमोर बसलेला असतो.

इथं एका फोटोची गोष्ट मुलीला सांगा. १३ जुलै २०१४, रिओचं माराकाना स्टेडियम, वर्ल्ड कपची फायनल. जर्मनीनं जादा वेळेत १-० नं अर्जेंटिनाला हरवलं. त्या रात्रीच्या असंख्य फोटोंमधून २०१५ च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत क्रीडा विभागाचा पहिला पुरस्कार मिळाला तो बाओ तायलियांग या चिनी फोटोग्राफरला. त्याच्या फोटोत गोल नाही, चेंडू नाही. हरलेला मेस्सी शेजारी ठेवलेल्या करंडकाकडे बघतोय, एवढंच आहे. बाओ चेंगडू शहरातल्या एका वर्तमानपत्रासाठी काम करत होता. सगळ्यांचे कॅमेरे जिंकणाऱ्यांकडे वळतात तेव्हा हरणाऱ्याकडे लक्ष ठेवणं, ही सवय विकत मिळत नाही.

तुमच्या मुलीत ती सवय मला दिसली, म्हणून इतकं लिहितेय. तिच्या फोटोंपैकी बरेच साधारण आहेत. चेंडू फ्रेमबाहेर गेलाय, खेळाडू पाठमोरे आहेत, मागे मोटारसायकली आणि मंडपाचा खांब आहे. पण एका फोटोत गोल खाल्लेला गोलकीपर जाळीला पाठ टेकून बसलाय, गुडघ्याला लाल चिखल, आणि त्याच्या मागे जाळीपलीकडून एक लहान मुलगा त्याच्याकडे बघतोय. तो फोटो मी बाजूला काढून ठेवला आहे. त्याच्या मागच्या बाजूला किंवा सोबतच्या कागदावर काहीही लिहिलेलं नाही. गोलकीपर कोण, सामना कुठला, तारीख काय, काहीच नाही. छापायला घेतला असता तर याच कारणानं तो संपादकाच्या टेबलावरून परत आला असता.

तेव्हा तिचा अभ्यास इथून सुरू व्हावा. बारावीची परीक्षा होईपर्यंत महिन्याकाठी एखादा सामना पुरे. परीक्षेनंतर मात्र एक अख्खी स्पर्धा धरावी, पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत. सामन्याआधी दोन्ही कप्तानांकडून नावं आणि नंबर लिहून घ्यावेत. गोलरेषेच्या बाहेर, कॉर्नरच्या झेंड्याजवळ जमिनीवर बसावं, उभं राहून फोटो काढू नयेत. आपल्याकडचे सामने संध्याकाळचे, सूर्य समुद्राकडे उतरत असतो. तो पाठीशी राहील असं टोक निवडावं आणि पाठीमागे मोटारसायकली येणार नाहीत हे बसण्याआधीच पाहावं. मध्यंतरात पाच फोटो निवडून, प्रत्येकाखाली दोन ओळी लिहून, मोबाइलवरून आयोजकांना आणि तालुक्याच्या वार्ताहराला पाठवावेत. मध्यंतर फार तर १५ मिनिटांचं असतं, तेवढ्यातच. पहिल्या वेळी जमणार नाही. जमेल तेव्हा तिला स्वतःलाच कळेल की ही आवड आहे की व्यवसाय.

फुटबॉलवरच अडून बसू नका. कबड्डी, खो-खो, शाळांची क्रीडा संमेलनं, मालवणात नारळी पौर्णिमेला होणारी गर्दी, सगळीकडे जावं. कबड्डीत तर चढाई करणारा कधी वळणार हे ओळखायला फुटबॉलपेक्षा जास्त चपळ डोळा लागतो.

पैशाविषयी स्पष्ट बोलते. वर्षातून एका स्पर्धेची फायनल एकच असते आणि तिथं बसायचा पास हौशी माणसाला मिळत नाही. आयोजक तो वर्तमानपत्र, वृत्तसंस्था, क्लब किंवा लीगनं नेमलेल्या फोटोग्राफरला देतात. म्हणजे आधी कुणाचं तरी काम करावं लागतं. पीटीआय, एएफपी, रॉयटर्स, गेटी इमेजेस या वृत्त आणि फोटो संस्थांत कायमच्या जागा थोड्या. वर्तमानपत्रांत फोटोग्राफरची नोकरी असली तरी त्याला सकाळी मंत्र्याचा दौरा आणि संध्याकाळी मॅच, दोन्ही करावं लागतं. सुरुवातीची वर्षं बहुतेकजण सामन्यागणिक मानधनावर काम करतात आणि घर चालवायला लग्नं, होमस्टेचे फोटो, शाळांची गॅदरिंग घेतात. यात कमीपणा नाही. कोकणात लग्नसराई आणि पर्यटन दोन्ही आहेत, हा उलट आधार आहे. पण फक्त खेळाच्या फोटोंवर लगेच घर चालेल असं मी तुम्हाला सांगणार नाही.

एक कायद्याची गोष्ट तिनं आत्ताच शिकावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी पैसे देऊन फोटो काढायला सांगितले, तर वेगळा करार नसल्यास त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. नोकरीत काढलेल्या फोटोंवरही साधारणपणे मालकाचाच हक्क. स्वतःहून जाऊन काढलेले फोटो मात्र तिचे. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या मंडळानं मानधन देऊ केलं की फोटो कशासाठी वापरणार, तिचं नाव खाली येणार का, तिला ते पुन्हा वापरता येतील का, हे कामाआधी लिहून घ्यावं. आपल्या ओळखीच्या माणसांकडून असं लिहून मागायला संकोच वाटतो. मागावं.

आता कॅमेरा. स्पर्धा पार पडल्यावरही तिचा उत्साह टिकला आणि दोन-चार जणांनी आपणहून फोटो मागितले, तर ७०-२०० एफ २.८ ची (कमी उजेडातही चालणारी) जुनी, चांगल्या स्थितीतली लेन्स शोधा. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ३०० एमएमसारखी दिसते आणि गावच्या मैदानाला पुरते. घेण्याआधी ती उजेडाकडे धरून आतल्या काचेत जाळीसारखं काही दिसतं का ते बघा. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते, आणि एकदा धरली की दुरुस्तीचा खर्च मोठा. मामाचा कॅमेराही कापडी बॅगेत कपाटात ठेवत असाल तर आजच काढा. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिला पाहिजे. समुद्रावर वापरला त्या दिवशी ओलसर फडक्यानं बाहेरचा खार पुसून मगच आत ठेवायचा. काजूला दमट हवेपासून तुम्ही जपता, तसंच हेही.

शिक्षणाबद्दल : पदवी सोडू नये. मुंबईच्या सर जे. जे. या कलासंस्थेत उपयोजित कला शिकताना फोटोग्राफी हा विषय घेता येतो, पण त्या प्रवेशासाठी चित्रकलेची तयारी लागते. तिला चित्रकला येत असेल तर विचार करा. नाहीतर मुंबई विद्यापीठाचा बीएएमएमसी (मल्टिमीडिया आणि जनसंवाद यांचा पदवी अभ्यासक्रम) किंवा गोव्यात-कोकणात राहून बीकॉमच करावं आणि शनिवार-रविवार मैदानावर घालवावेत. मला शेवटचा पर्याय तिच्यासाठी जास्त पटतो. गोवा जवळ आहे. म्हापशाच्या धुळेर स्टेडियमवर गोव्याच्या लीगचे सामने होतात, तिथं मोठ्या फायनलसारखी गर्दी आणि बंदोबस्त नसतो. आयोजकांना आधी भेटून, परवानगी घेऊन बाजूला बसू देतात का ते विचारता येईल. बी.कॉम.चं शिक्षण बिलं, हिशेब आणि थकलेली मानधनं वसूल करताना कामी येईल, आणि या व्यवसायात मानधनं थकतात.

राहिला मुलीचा आणि रात्रीचा प्रश्न. तुमची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. रात्री साडेसातला सुरू झालेली मॅच साडेनऊला संपते, फायनल जादा वेळेत गेली तर आणखी उशीर, त्यानंतर फोटो पाठवणं. म्हणजे परतीचं वाहन किंवा मुक्काम आधी ठरलेला हवा, शेवटची गाडी मिळेल या भरवशावर जायचं नाही. पहिली दोन-तीन वर्षं दिवसाचे सामने आणि सोबत ओळखीचं माणूस, हा नियम मी माझ्या मुलीलाही घातला असता. महाविद्यालयात गेल्यावर तिचे तिचे सहकारी होतील. जागेसाठी रेटारेटी होते, पुरुष फोटोग्राफरांची संख्या जास्त असते, कुणी पुढ्यात येऊन उभं राहतं. ‘माझ्यासमोरून सरका’ हे शांतपणे पण मोठ्यानं म्हणायची सवय तिला घरातच लावा. होमाई व्यारावाला १९३०च्या दशकात जे. जे.त शिकून मुंबईत फोटोग्राफी करत होत्या, तेव्हा तर या क्षेत्रात बायका जवळजवळ नव्हत्याच. त्यांना २०११ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

मामांनाही या सगळ्यात घ्या. तिला मैदानावर नेणारा माणूस तोच आहे आणि तिचा पहिला कॅमेराही त्याचाच. परीक्षेनंतरच्या स्पर्धेतल्या एका सामन्याचे पाच फोटो मला पाठवा. तिनं स्वतः निवडलेले, मध्यंतरात पाठवलेले, प्रत्येकाखाली नाव, संघ, ठिकाण आणि तारीख लिहिलेली. त्या गोलकीपरचं नावही शोधून कळवा.