असला विषय डेझर्टेशनला घेतला तर नोकरी मिळेल का?

तुझं पत्र मिळालं. एम.ए. सायकॉलॉजीचं शेवटचं वर्ष, 'कॉलेजमधल्या विकृत मुलांची मानसिकता' म्हणजे मुलं लैंगिक अत्याचार का करतात यावर डेझर्टेशन करायचंय, गाईड तयार आहेत पण बाबा म्हणतात असला विषय बायोडेटावर दिसला तर नोकरी तर सोडच, स्थळंही यायची नाहीत. स्थळांचं मला कळत नाही गं, नोकरीचं सांगते.

पण आधी तो 'विकृत' शब्द. अमेरिकेत मेरी कॉस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 32 कॉलेजांतल्या सहा हजारांवर मुलामुलींचा सर्व्हे केला, 1987 ला छापून आला, त्यात मुलांना 'तू बलात्कार केलास का' असं विचारलंच नाही (कोण हो म्हणणार?), ती नको म्हणत असताना जबरदस्ती केलीस का, दारू पाजून केलंस का, असं विचारलं, तर 7.7 टक्के मुलांची उत्तरं कायद्यानुसार बलात्कार किंवा त्याच्या प्रयत्नात बसत होती. हे वर्गात शेजारी बसणारेच, कुणी वेगळे 'विकृत' नव्हेत. 1991 मध्ये मालामुथ वगैरे संशोधकांनी असं वागण्यामागचे दोन धागे दाखवले, बायकांबद्दल मनात राग आणि वर्चस्वाची हौस, आणि नात्याशिवायच्या सेक्सची चढाओढ, दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. त्यात शाबासकी देणारे मित्र. दारू अनेक घटनांत असते पण सगळे पिणारे काही असं करत नाहीत, आधीच जो पोरीचं हसणं म्हणजे होकार समजतो त्याला दारू आणखी बळ देते.

तिकडची प्रश्नावली मात्र जशीच्या तशी उचलू नकोस, मराठीत करून आधी दहापंधरा जणांवर तपासून बघ, एथिक्स कमिटीची परवानगी काढ आणि गूगल फॉर्ममधलं ईमेल घ्यायचं सेटिंग बंद कर, नाहीतर एकही पोरगा खरं लिहिणार नाही.

आता पोटापाण्याचं. 2013 च्या पॉश कायद्याने (कामाच्या ठिकाणी बायकांचा लैंगिक छळ रोखणारा) दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागते, कॉलेजांना यूजीसीचे 2015 चे नियम आहेत, त्यामुळे ट्रेनिंगची कामं निघतात, समितीवर बाहेरचा सदस्यही लागतो. पण बाहेरच्या सदस्याला बैठकीमागे मानधन असतं, त्यावर घर चालत नाही. पीएचडी करायची तर नेट परीक्षेची तयारी आत्ताच सुरू कर. क्लिनिकल म्हणजे पेशंट बघायचे तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यतेचा कोर्स लागेलच, नुसत्या एम.ए.वर पाटी लावू नकोस.

बाबांना हा पॉशचा भाग वाचून दाखव. आणि गाईडना फोन करून शीर्षकातला 'विकृत' शब्द बदलून घे, फॉर्म भरायच्या आधी.