टेन्शनने खरंच हार्ट अटॅक येतो, की नुसती म्हणायची पद्धत आहे?

हो, दीर्घकाळचा ताण, नैराश्य आणि एकटेपणा यांनी हृदयविकाराचा धोका खरोखर वाढतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात हार्ट अटॅकच्या नऊ प्रमुख घटकांत मानसिक-सामाजिक ताणही होता. आणि टेन्शन काय ते साहेबालाच, हे काही खरं नाही: लंडनच्या सरकारी नोकरांवरच्या 'व्हाइटहॉल' पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराचे मृत्यू वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या तिपटीहून जास्त निघाले. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हिशोबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. ताणात रक्तदाब चढतो, झोप उडते, तंबाखू वाढते, गोळ्या चुकतात. मात्र अमक्याचा अटॅक टेन्शननेच आला, असं ठामपणे सांगता येत नाही. तेव्हा ध्यान सुरू केलंय म्हणून बीपीची गोळी बंद करू नका.