वाचकांचे प्रश्न : चित्रे अनेक, पॅलेट एक

प्रश्न : खेळासाठी काढलेली ३०० पीएनजी चित्रे इमेजमॅजिकने (आज्ञा लिहून चित्रे बदलणारा प्रोग्राम) एकदम २५६ रंगांवर आणली. आता तोच निळा प्रत्येक चित्रात थोडा वेगळा दिसतो. असे का?

उत्तर : तुम्ही 'कलर्स' हा पर्याय २५६ आकडा देऊन वापरला असणार. तो प्रत्येक चित्राचे रंग स्वतंत्रपणे निवडतो. ज्या चित्रात हिरवळ जास्त, तिथे बहुतेक जागा हिरव्या छटा अडवतात आणि निळ्याची बोळवण जवळपासच्या एखाद्या छटेवर होते. म्हणजे ३०० चित्रांची ३०० पॅलेटे (रंगांचे ठरावीक संच) झाली.

आधी पॅलेट ठरवा. सगळे रंग ज्यांत येतात अशी आठ-दहा मूळ चित्रे 'अपेंड'ने जोडा, त्यावर 'कलर्स' २५५ लावा (एक जागा पारदर्शकतेसाठी राखलेली बरी) आणि 'युनिक कलर्स'ने प्रत्येक रंगाचा एकेक पिक्सेल असलेली पट्टी काढून पीएनजीत ठेवा. ही पट्टी डोळ्यांखालून घालाच. रंगांची निवड पिक्सेलच्या संख्येवर झुकते, त्यामुळे पात्राच्या डोळ्यातला लाल ठिपका हमखास गळतो. तो हाताने भरा.

मग मूळ चित्रांवर इमेजमॅजिकची 'मोग्रिफाय' ही अनेक फाइली एकदम बदलणारी आज्ञा चालवा आणि चित्राचे रंग ठरलेल्या रंगांवर आणणाऱ्या 'रीमॅप'ला ती पट्टी द्या. सपाट रंगांच्या चित्रांसाठी 'डिदर नन' (डिदरिंग, म्हणजे नसलेली छटा भासवायला ठिपके मिसळणे, बंद) हवे, तेही 'रीमॅप'च्या आधी लिहिलेले. नंतर लिहिले तर उपयोग नाही. 'मोग्रिफाय' मूळ फाइलवरच लिहितो, म्हणून 'पाथ'ने वेगळा फोल्डर द्या. तो आधी तयार करून ठेवा, आज्ञा तो बनवत नाही.

आकार बदलायचा असेल तर रीमॅपच्या आधी. नंतर बदलला तर कडांवर मधल्या छटा तयार होतात आणि पॅलेट पुन्हा फुटते. वाटेत कुठेही जेपेग नको. ८ बाय ८ पिक्सेलच्या ठोकळ्यांतले त्याचे आकुंचन सपाट रंगाच्या कडेला शेकडो भलत्या छटा सोडते.

खेळ पॅलेटमधला रंगाचा क्रमांक वाचत असेल, तर मात्र पीएनजी लिहिताना क्रम जसाच्या तसा राहील असे धरून चालू नका. त्या कामाला गिंप हा चित्रसंपादक बरा : इंडेक्स्ड मोडमध्ये (रंग पॅलेटमधल्या क्रमांकाने साठवणारा प्रकार) स्वतःचे पॅलेट निवडा आणि न वापरलेले रंग काढण्याची खूण काढून टाका. ती आधीपासून लावलेली असते, आणि क्रमांक सरकतात ते तिच्यामुळेच.

प्रश्न : व्हिडिओचा जीआयएफ केला की स्थिर पार्श्वभूमीवरही मुंग्या चालल्यासारखे दिसते.

उत्तर : ही करामत डिदरिंगची. चूक पसरवत जाणाऱ्या पद्धतीत, फ्लॉइड-स्टाइनबर्ग त्यातलीच, एका पिक्सेलची चूक (मूळ आणि निवडलेल्या रंगातला फरक) शेजाऱ्यांकडे ढकलली जाते. फ्रेममध्ये कुठे जरा हालचाल झाली की पुढचे सगळे ठिपके जागा बदलतात. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रामच्या, पॅलेट लावणाऱ्या 'पॅलेटयूज'मध्ये 'बायर' ही ठरलेल्या जाळीत ठिपके मांडणारी पद्धत निवडा. त्याची जाळी जागची हलत नाही. 'बायर स्केल' ० ते ५ असतो. आकडा लहान तर जाळी ठळक, मोठा तर जाळी फिकट पण रंगांचे पट्टे उठून दिसतात. २ किंवा ३ पासून सुरुवात करा. पॅलेट बनवणाऱ्या 'पॅलेटजेन'ला 'स्टॅट्स मोड डिफ' दिल्यास हलणाऱ्या भागाच्या रंगांना जास्त वजन मिळते.

प्रश्न : 'पाल' विस्ताराचे पॅलेट एका प्रोग्राममध्ये उघडते, दुसऱ्यात नाही. फाइल बिघडली का?

उत्तर : बहुधा नाही. या एकाच विस्ताराखाली निदान दोन वेगळे प्रकार फिरतात. फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. पहिली ओळ 'जॅस्क-पाल' असेल तर खाली रंगांची संख्या आणि मग लाल-हिरवा-निळ्याचे आकडे वाचता येतील. सुरुवातीला 'रिफ' आणि पुढे अगम्य चिन्हे दिसली, तर ती मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीची बायनरी फाइल. देवघेवीसाठी गिंपचे 'जीपीएल' सोयीचे. तेही टेक्स्टच, आणि प्रत्येक रंगापुढे नाव लिहिता येते.